साखळी आणि जपमाळ

(अहमदपूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तलाठ्याच्या दप्तरात आपल्या गावचा नकाशा असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. बांधाचं भांडण निघालं की तो बाहेर येतो. मग मोजणीदार येतो, साखळी ओढतो, जुन्या खुणा शोधतो. दोन्हीकडची माणसं धुऱ्यावर उभी राहून टकमका बघत असतात. साखळी कोणाच्या वावरात किती हात आत गेली, यावर दोन घरांची झोप अवलंबून असते. तेव्हा मोजणी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आज आम्ही वावराची नाही, डोंगरांची मोजणी सांगणार आहोत. आपल्या देशाच्या उत्तर टोकाला लडाख नावाचा मुलूख आहे. ते वाळवंट आहे, पण राजस्थानासारखं तापलेलं नव्हे. उंचावरचं, गारठलेलं वाळवंट. तिथं साखळी टाकायला सपाट जागा नाही, प्यायला पाणी नाही, श्वासाला पुरती हवा नाही. अशा मुलखाचा नकाशा माणसांनी पायी फिरून काढला. तो कसा काढला, ते आज पाहू. आणि नवल असं की, या मोजणीची एक मेख आपल्याच जुन्या जिल्ह्यात ठोकलेली आहे. तिथूनच सुरुवात करू.

म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. आपला अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. मग तो उस्मानाबादेत गेला. त्या उस्मानाबादेला आता धाराशिव म्हणतात. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो लातुरात आला. तर त्या बीदरच्या भागात १८१५ साली एक गोरा साहेब साखळी घेऊन आला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. राज्य निजामाचं होतं, पण साहेब इंग्रजांच्या कंपनीचा नोकर. वय साठीच्या घरात. अंगानं काटक, बोलायला कमी, कामाला वाघ. १८०२ साली एप्रिलच्या १० तारखेला त्यानं मद्रासजवळ मोजणीला हात घातला होता. मजल दरमजल करीत तेरा वर्षांनी तो बीदरला पोचला.

आपल्या मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची असते. लॅम्बटनची साखळी पोलादी आणि १०० फुटांची होती. ती नुसती जमिनीवर ओढायची नाही. लाकडी पेट्यांत ठेवायची, पेट्या तिपायांवर एका पातळीत लावायच्या, आणि वर तंबूची सावली धरायची. सावली कशाला? लोहार गाडीच्या चाकाला धाव बसवतो, तेव्हा ती आधी भट्टीत तापवतो. तापली की ती फुगते आणि चाकावर अलगद बसते. निवली की आवळते. साखळीचंही तसंच. उन्हात ती केसभर लांबते. एका साखळीत केसभर, तर शेकडो साखळ्यांत किती? म्हणून साहेब साखळीजवळ उष्णतामापक ठेवून दर वेळी तो वाचून लिहीत असे. काही मैलांची एक सरळ रेघ मोजायला महिना-दोन महिने जात. बीदरजवळ त्यानं अशी एक रेघ मोजली. तिला पाया म्हणतात.

आता कोणी म्हणेल, अशा गतीनं सारा देश मोजायला हजार वर्षं लागतील. खरं आहे. पण साहेबानं सारा देश साखळीनं मोजलाच नाही. इथंच खरी युक्ती आहे. नीट ध्यान द्या.

समजा, मन्याड नदीच्या पल्याड एक चिंचेचं झाड आहे. नदीला पूर आहे, पलीकडं जाता येत नाही. तरी झाड किती लांब आहे, ते काढायचं आहे. मग अलीकडच्या काठावर दोन खुंट्या ठोका. दोन्ही खुंट्यांमधलं अंतर साखळीनं मोजा. आता पहिल्या खुंटीशी उभं राहून झाडाकडं बघा आणि नजर किती तिरपी गेली, ते मोजा. मग दुसऱ्या खुंटीशी जा आणि तसंच करा. झाला एक त्रिकोण. एक बाजू मोजलेली, दोन कोन मोजलेले. उरलेल्या दोन बाजू हिशेबानं निघतात. पाय ओला न करता झाडाचं अंतर हाती आलं. आता त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभा करा, त्यावर तिसरा. या डोंगरावरून त्या डोंगरावर नुसती नजर टाकत जा. साखळी फक्त पहिल्या रेघेला. पुढं कुठं चूक शिरली का, हे तपासायला खूप लांब गेल्यावर पुन्हा एकदा साखळी टाकायची आणि हिशेबाशी ताडून बघायची. बीदरची रेघ ही अशा तपासणीची होती.

कोन मोजायचं यंत्र मात्र दांडगं होतं. त्याला थिओडोलाइट म्हणतात. वजन अर्धा टन. म्हणजे धान्याची पाच पोती एकत्र बांधल्यासारखं. ते डोंगराच्या माथ्यावर माणसांनी खांद्यावरून न्यायचं. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं. दुसरा कोणी असता तर काम सोडून गेला असता. साहेबानं स्वतःला तंबूत कोंडून घेतलं, आणि दीडेक महिना ठोकून ठोकून ते सरळ केलं.

लोकांना हे काम पटत नसे, हेही सांगायला हवं. डोंगरावर निशाण लागलं की गावात कुजबुज सुरू होई. निशाण म्हणजे ताबा, असं लोक समजत. ते अगदीच चूक होतं, असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती सारा आणि लष्कराची वाट, हे कंपनीला पुरतं ठाऊक होतं. दुसरी तक्रार अशी की, हा साहेब उंचावरून दुर्बीण लावून आमच्या घरच्या बायका बघतो. त्यात त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. डोकं खाली, पाय वर! ही गोष्ट बाहेर फुटल्यावर काय गोंधळ झाला असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

साहेबाची माणसं रानात तापानं मेली. निशाणं धरून डोंगरावर बसलेले खलाशी मेले. मोजणी खात्यात साध्या गड्याला खलाशी म्हणतात. दर्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. लॅम्बटन स्वतः हैदराबादेहून नागपूरकडं जाताना वाटेत वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. तारीख २० जानेवारी १८२३. त्याची कबर तिथंच आहे. इतकं काम केलेला माणूस, पण जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्ट साहेबाचं. एव्हरेस्टनं ती त्रिकोणांची माळ १८४१ सालापर्यंत हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवली. कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर, आणि काम चाळीस वर्षांचं. पुढं त्याच माळेवरून हिमालयाची शिखरं मोजली गेली. सर्वांत उंच शिखर कोणतं, याचा हिशेब राधानाथ सिकदर या बंगाली गणित्यानं मांडला.

आता लडाखकडं चला.

लेह हे तिथलं मोठं गाव. ते साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. आपण राहतो तो बालाघाटचा पठारी भाग पाच-सहाशे मीटरवर आहे. म्हणजे बालाघाटावर बालाघाट असे सहा-सात थर रचावेत, तेव्हा लेह येईल. आपल्याकडं वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी आपण आभाळाकडं बघत बसतो. तिथं शंभराच्या आसपास पडतो. झाड औषधाला मिळत नाही. जिथं बर्फाचं पाणी ओढ्यानं उतरतं, तिथं तेवढी जव आणि भाजीपाल्याची हिरवी चिरोटी. बाकी सगळी माती, वाळू, दगड. दिवसा उन्हात चेहरा भाजतो आणि त्याच वेळी सावलीतले पाय गारठतात.

हवा विरळ. पाच हजार मीटरवर आपल्या इथल्या हवेच्या निम्म्यानंच हवा राहते. दहा पावलं चाललं की धाप लागते. डोकं ठणकतं. अन्न नको वाटतं. आणखी एक गंमत सांगतो. तिथं डाळ शिजत नाही. पाणी खळखळा उकळतं, पण पुरतं तापतच नाही. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळी धरतं. जितकं उंच जावं, तितकं थंड पाणी उकळतं. साधारण तीनशे मीटर चढलं की एक अंश उष्णता कमी. ही डाळीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

या भागाची मोजणी १८५५ साली सुरू झाली. मुख्य होता माँटगोमेरी नावाचा लष्करी अधिकारी. १८६४ पर्यंत जम्मू, काश्मीर, लडाख, बाल्टिस्तान हा सारा मुलूख मोजून झाला. १८५६ साली तो काश्मीरातल्या हरमुख डोंगरावर चढला. तिथून दोनशे किलोमीटरांहून लांब दोन मोठी शिखरं दिसली. काराकोरम रांगेतली म्हणून त्यानं वहीत के-१ आणि के-२ असं टिपून ठेवलं. पहिल्याला पुढं तिथल्या लोकांचं नाव मिळालं. दुसरं आजही के-२ च आहे. जगात उंचीनं दुसरं, ८,६११ मीटर.

साहेबांची नावं पुस्तकांत आहेत. पण डोंगरावर आधी जायचा तो खलाशी. खांब, दगड, सरपण, पाणी घेऊन तो माथ्यावर चढणार, खांब रोवणार, दगडांचा ढीग रचणार. मग ढग उघडेपर्यंत तिथंच बसून राहणार. कधी एक दिवस, कधी आठ. पगार महिन्याला काही रुपये. १८६० साली स्पीतीमधल्या शिल्ला नावाच्या शिखरावर असाच एक खलाशी चढला आणि खांब रोवून खाली आला. त्या शिखराची उंची तेव्हा २३ हजार फुटांवर धरली गेली होती. इतक्या उंच त्या काळी जगात कोणी चढल्याची नोंद नव्हती. पुढं नव्यानं मोजलं तेव्हा शिखर २० हजार फुटांचं निघालं. तीन हजार फूट कमी झाले, हे खरं. पण २० हजार फूट म्हणजे काय थोडं? दोर नाही, बूट नाहीत, खांद्यावर लाकूड. शिखराची उंची दोनदा लिहिली गेली, त्या माणसाचं नाव एकदाही लिहिलं गेलं नाही.

शिखरं ठरली म्हणजे नकाशा झाला असं नाही. ती नुसती मेढी झाली. घर अजून बांधायचं असतं. नदी कुठून वळते, खिंड कुठं आहे, वाट कुठली, हे सारं भरायला मोजणीदार तीन पायांचा एक पाट घेऊन हिंडतो. त्याला प्लेन टेबल म्हणतात. पाटावर कागद ताणलेला. कागदावर आधी ठरलेली शिखरं ठिपक्यांनी मांडलेली. नेम धरायची पट्टी शिखराकडं रोखायची आणि रेघ ओढायची. तीन शिखरांकडून तीन रेघा आल्या की आपण कुठं उभे आहोत ते कळतं. मग समोरची नदी, टेकडी, घर, सगळं तिथंच उभं राहून कागदावर उतरवायचं. थंडीनं बोटं वाकत नाहीत, शाई गोठते, आणि वाऱ्यानं कागद फडफडतो. अशा हातांनी ते काम केलेलं आहे.

उंच-सखल कागदावर कसं दाखवायचं, हा एक प्रश्न राहतो. कागद तर सपाट. त्याचं उत्तर आपल्या गावतळ्यात आहे. उन्हाळ्यात तळं आटत जातं. पाणी थोडं थोडं खाली सरकतं आणि दर मुक्कामाला काठावर एक रेघ सोडून जातं. वरून बघाल तर तळ्याच्या पोटात एकात एक अशी कडी दिसतील. एका कड्यावरची सगळी जागा सारख्या उंचीची. जिथं उतार सरळ खाली जातो, तिथं कडी जवळजवळ येतात. जिथं जमीन पसरट, तिथं लांब लांब. नकाशावर डोंगर असाच काढतात. या रेघांना समोच्च रेषा म्हणतात. इंजिनिअर मंडळी कंटूर म्हणतात. शब्द अवघड वाटला तर तळ्याची कडी म्हणा, अर्थ तोच.

लडाखच्या पलीकडं तिबेट. तिथं साहेबाला बंदी होती. गोरा दिसला की सीमेवरून परत, कधी जिवाशी गाठ. मग माँटगोमेरीनं ठरवलं, आपल्याच पहाडी माणसांना शिकवून पाठवायचं. आणि त्यानं निवडलं कोणाला? एका शाळामास्तराला! आम्ही जन्मभर मास्तरकी केली, म्हणून ही गोष्ट सांगताना आमची छाती जरा फुगते, तर हसू नका.

त्यांचं नाव नैनसिंग रावत. कुमाऊंच्या डोंगरात मिलम नावाचं गाव आहे, तिथले. जातीनं भोटिया, धंदा तिबेटशी व्यापार करण्याचा. घरची गरिबी. गावच्या शाळेत मास्तर झाले, म्हणून त्यांना पंडित म्हणत. त्यांना डेहराडूनला नेऊन शिकवलं. तारे बघून जागा कशी काढायची, होकायंत्र कसं वाचायचं. आणि मुख्य म्हणजे चालायचं कसं.

चालायला काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. आम्ही एकदा चौथीच्या मुलांना शाळेचं पटांगण पावलांनी मोजायला लावलं होतं. चाळीस मुलं आणि चाळीस उत्तरं. एकाचीच दोन उत्तरं वेगळी, कारण दुसऱ्या खेपेला त्याच्या पायात काटा होता. पाऊल सारखं पडणं ही सोपी गोष्ट नाही. नैनसिंगांचं पाऊल चढावर, उतारावर, बर्फात, वाळूत, सारखंच पडे. दोन हजार पावलांचा एक मैल.

मोजायचं कसं? मोठ्यानं मोजलं तर पकडले जाणार. म्हणून हातात जपमाळ. आपल्या माळेत १०८ मणी असतात, तसेच तिबेटी माळेतही. नैनसिंगांच्या माळेत मात्र १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. एक माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. बघणाऱ्याला वाटे, साधू जप करतोय. तिबेटात लोक एक प्रार्थनाचक्र फिरवतात. त्याच्या आत मंत्राचा कागद असतो. नैनसिंगांच्या चक्रात मंत्राऐवजी मोजणीची टिपणं असत. पारा कवड्यांत भरून लाखेनं बंद केलेला. रात्री तो पारा वाटीत ओतायचा. आरशासारखी सपाट पातळी मिळते. त्यात तारा बघून जागेचा हिशेब. आणि डाळीची गोष्ट सांगितली होती ना? मुक्कामाला चहाचं पाणी उकळायला ठेवायचं, लपवलेला उष्णतामापक त्यात बुडवायचा आणि बघायचं, पाणी किती अंशावर उकळलं. त्यावरून उंची कळते. लोकांना वाटायचं, चहा चाललाय.

१८६५ साली ते निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. पकडले गेले असते तर मान गेली असती. पैसे संपले, तर व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरलं. मास्तर कुठंही गेला तरी मास्तरच. ल्हासा नकाशावर नेमकं कुठं येतं, हे तेव्हा प्रथम नीट ठरलं. १८७४ साली ते पुन्हा निघाले, या वेळी लेहहून. पँगाँग सरोवराच्या काठानं चांगथांग नावाच्या ओसाड पठारावरून पूर्वेला ल्हासापर्यंत, आणि तिथून खाली आसामात. हजार मैलांहून जास्त वाट, आणि तीतली बरीचशी पूर्वी कोणी मोजलेली नव्हती. सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादलेलं. आपल्याकडचे धनगर मेंढ्या चारायला नेतात. तिकडं मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लहान पिशव्या बांधून माल नेतात. मेंढरू चरत जातं, त्याला वेगळा चारा लागत नाही. वाटेत काही मेली, काही दमली. १८७५ च्या मार्चमध्ये नैनसिंग आसामात उतरले. डोळे पार बिघडले होते. १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेनं त्यांना सोन्याचं पदक दिलं. २००४ साली आपल्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. मिलमच्या शाळेतून निघालेला मास्तर पाकिटावर बसून गावोगाव गेला.

आता त्या नकाशाचं पुढं काय झालं, ते ऐका. ही गोष्ट तितकी गोड नाही.

१८६५ साली जॉन्सन नावाचा मोजणीदार लेहहून पलीकडं खोतानला जाऊन आला. वाटेत अक्साई चिन नावाचं उंच, ओसाड पठार लागलं. गाव नाही, झाड नाही, खारट पाण्याची तळी. जॉन्सनच्या नकाशात ते काश्मीरच्या हद्दीत दाखवलं गेलं. पुढं इंग्रजांनीच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रेघा सुचवल्या. पण दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलेली, जमिनीवर दगड रोवून पक्की केलेली अशी रेघ तिथं कधी झालीच नाही. बांधाला खुणेचा दगडच नसेल तर काय होतं, हे तुम्हांला आम्ही काय सांगावं? १९५४ साली आपल्या सरकारनं नकाशावर पक्की रेघ दाखवली, अक्साई चिन भारतात. तिकडं चीननं त्याच पठारावरून रस्ता काढला आणि १९५७ साली तो पुरा केला. आपल्याला ते मागाहून कळलं. १९६२ च्या ऑक्टोबरात लढाई पेटली.

त्या लढाईतली एकच गोष्ट सांगतो, कारण तीत डोंगराची उंची आहे. चुशूलजवळ रेझांग ला नावाची खिंड आहे. ला म्हणजे खिंड. सोळा हजार फुटांवर. तिथं कुमाऊं पलटणीची एक तुकडी होती. मेजर शैतानसिंग तिचे अधिकारी. जवान बहुतेक हरियाणाचे अहीर, शेतकऱ्यांची पोरं. १८ नोव्हेंबरला पहाटे हल्ला आला. मागं आपल्या तोफा होत्या, पण मधे डोंगराची धार आडवी होती. तोफेचा मारा तिच्यावरून या जवानांपर्यंत पोचत नव्हता. नकाशावर ती धार म्हणजे जवळजवळ आलेली चार-दोन कडी. तिथं तिच्यामुळं एक तुकडी एकटी पडली. तुकडीतले ११४ जण पडले. पुढच्या वर्षी एका मेंढपाळाला ते देह दिसले, गोठलेले, हत्यारं हातात तशीच. शैतानसिंगांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आणि २०२० सालचा जून तर कालचीच गोष्ट. १५ तारखेच्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान गेले. ते गलवान हे नाव कुणाचं, माहीत आहे? लेहच्या गुलाम रसूल गलवान या वाटाड्याचं. साहेब लोकांचं ओझं वाहून, त्यांना वाट दाखवून पोट भरणारा गडी. शिल्लाच्या खलाशाचं नाव हरवलं, पण याचं नदीला मिळालं. इतकं तरी झालं.

कोणी म्हणेल, गुरुजी, लडाखचे डोंगर राहू द्या, आम्हांला काय त्याचं? तर २०१६ सालचा एप्रिल आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. मिरजेहून, टाक्या भरून. शहराच्या नळाला पाणी नाही, म्हणून आगगाडीनं आणलं. त्या वेळी प्रत्येक माणूस पाण्याच्या गोष्टी बोलू लागला. नाला अडवा, चर खणा, तळं काढा. चांगलं आहे. पण चर कुठं खणायचा? माळावर समतल चर खणतात, तो तळ्याच्या कड्यासारखा सारख्या उंचीवरून गेला पाहिजे. हातभर जरी तिरपा गेला तरी पाणी त्यात थांबत नाही. ते चराच्या एका टोकाला धावतं, तिथं बांध फोडतं आणि खालच्याच्या वावरात घळ पाडतं. मग त्या दोघांचं भांडण. गवंडी भिंतीची पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी धरतो ना, तीच नळी इथंही चालते. आणि कोणत्या टेकडीचं पाणी कोणत्या नाल्याला जातं, हे माळावर उभं राहून नेहमी दिसत नाही. नकाशावरची कडी वाचली की दिसतं.

असा नकाशा आपल्याही तालुक्याचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागानं सगळ्या देशाचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला नंबर दिला आहे. अहमदपूर गाव ज्या चौकोनात येतं, त्याचा नंबर ५६ बी/१४. दोन सेंटिमीटरात एक किलोमीटर. डोंगराच्या रेघा तपकिरी, नाले निळे, वावरं पिवळी, झाडी हिरवी, वस्त्या तांबड्या. एका तपकिरी रेघेपासून दुसरीपर्यंत २० मीटरचा चढ. तलाठ्याच्या नकाशावर धुरे दिसतात, पण चढ-उतार दिसत नाही. या नकाशावर चढ-उतार दिसतो, पण कोणाचं वावर कोणतं, ते दिसत नाही. म्हणून पाण्याच्या कामाला ग्रामसभेत दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवायला मागा. सरपंच नाही म्हणाले तर पुन्हा मागा.

पुढल्या बुधवारी आम्ही ५६ बी/१४ आणून फळ्यावर लावू. मोठ्या अक्षरांतली नावं आधी वाचा, मग बारीक. आपापलं गाव ज्यानं त्यानं स्वतः शोधायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही. गाव सापडलं की जवळचा नाला बोटानं खाली खाली न्या, तो कुठं मिळतो बघा. आणि टेकडीच्या माथ्यावर लहानसा त्रिकोण काढलेला दिसेल, शेजारी उंचीचा आकडा. तिथं कोन मोजणारे उभे राहिले होते. अशा जागी माथ्यावर दगडात खूण कोरलेली असते. गुरं चारताना तुमच्यापैकी कोणी असा दगड पाहिला असेल, तर कोणत्या टेकडीवर, ते बुधवारी आठवणीनं सांगा.